चूल कोणी पेटवायची

ज्यूंचा पेसाह हा सण तोंडावर आला की जेरुसलेमच्या सुपरमार्केटात कपाटांच्या रांगाच्या रांगा पांढऱ्या प्लास्टिकखाली झाकल्या जातात. आत माल आहे, पण तो विकायचा नाही. पाव, बिस्किटं, शेवया, बिअर, सोया सॉस. उरलेल्या जागेत 'पेसाहसाठी कोशेर', म्हणजे धर्मनियमांनुसार चालणारं, असा शिक्का असलेल्या वस्तूंचे ढीग असतात. बटाट्याचं पीठ, बदामाची पूड, मात्सा या बिनखमिराच्या पोळीचे खोके, खजूर आणि अंड्यांचे मनोरे. माहाने येहुदाच्या बाजारात रोमेन लेट्यूसच्या जुड्या, बाकल्याच्या ओल्या शेंगा, मुळ्याच्या आकाराची तिखटजाळ हॉर्सरॅडिश यांच्यावर गर्दी तुटून पडलेली असते. कोणी घासाघीस करत नाही, सगळ्यांना घरी जायची घाई.

मराठी बायबलमध्ये या सणाला वल्हांडण म्हटलं आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांना कणीक फुगेपर्यंतही थांबता आलं नाही, म्हणून या सणात खमीर वर्ज्य. इस्रायलमध्ये सात दिवस, बाहेरच्या देशांत आठ. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांना पाणी लागून अठरा मिनिटं गेली आणि ती भाजली गेली नाहीत, तर ती हामेत्स झाली. हामेत्स खायचं नाही एवढंच नाही, ते घरात असायचंही नाही, मालकीचंही असायचं नाही. त्यामुळे सणाआधी ते बिगरज्यू माणसाला रीतसर करार करून विकतात. इस्रायल सरकारच्या ताब्यातलं सगळं हामेत्स अनेक वर्षं अबू घोष गावातले जाबेर हुसेन हे अरब गृहस्थ विकत घेत आले. सण संपला की व्यवहार उलटतो. परधर्मीयाशिवाय हा सण नीट पाळताच येत नाही, ही गोष्ट मला तिथं पहिल्याच दिवशी कळली आणि पुढं सतत आठवत राहिली.

मी पुण्यातल्या एका हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळते. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग आहे, सुक्कथ शेलोमो. तिथल्या एका ओळखीच्या कुटुंबानं एकदा विचारलं होतं, की आता घरोघरी म्हातारी माणसंच उरली, सेदेरच्या रात्रीचं जेवण तुमच्याकडून करून मिळेल का? सेदेर म्हणजे पेसाहच्या पहिल्या रात्रीचं, ठरलेल्या क्रमानं चालणारं जेवण. मला येत नव्हतं आणि पुस्तकावरून करावंसं वाटेना. त्यांच्याच नात्यातली एक आजी इस्रायलमध्ये दिमोनाला राहते, तिच्याकडे जा, असं त्यांनी सुचवलं. म्हणून हा प्रवास.

दिमोनाला जाण्याआधी जेरुसलेममध्ये मी जे पाहिलं, त्यानं माझी अर्धी शिकवणी झाली. एका गल्लीत रस्त्यावरच गॅसच्या शेगडीवर माणूस बसेल एवढी कढई रटरटत होती. लोक जाळीच्या पिशव्यांतून चमचे, पळ्या, पातेली घेऊन रांगेत उभे. एक माणूस चिमट्यानं एकेक पिशवी उकळत्या पाण्यात सोडायचा, वर काढायचा, शेजारच्या गार पाण्यात बुडवायचा. भांडं आधी चोवीस तास वापरलेलं नसलं पाहिजे आणि घासून लख्ख हवं. यामागचा विचार असा, की भांडं अन्न शोषतं आणि ज्या रीतीनं शोषतं त्याच रीतीनं सोडतं. पातेल्यात उकळलं असेल तर ते उकळून शुद्ध होईल. सळई थेट विस्तवावर वापरली असेल तर विस्तवातच लाल करावी लागेल. मातीचं भांडं मात्र शोषलेलं कधीच सोडत नाही, त्याला उपाय नाही. इतकी वर्षं आचारीपण केलेल्या माझ्यासारखीला हे वेगळ्या शब्दांत माहीत होतंच. मातीच्या हंडीत मासे केले की तिच्यात दूध तापवत नाही कोणी. पण त्या माहितीवर एवढी नेटकी इमारत उभी राहू शकते, हे मी प्रथमच पाहत होते.

मेआ शेआरीम भागात हातानं मात्सा लाटणारी एक भट्टी दाराबाहेरून बघायला मिळाली. पीठ एका कोपऱ्यात आणि पाणी दुसऱ्या, दोघांची गाठ परातीतच. पाणीसुद्धा संध्याकाळी भरून रात्रभर ठेवलेलं. कणीक मळली की गोळे लाटणाऱ्यांकडे धावत जातात, लाटलेल्या पोळीवर टोचण्याचं चाक फिरतं, लांब काठीवरून ती भट्टीत जाते आणि क्षणात डाग पडून बाहेर येते. सगळं अठरा मिनिटांच्या आत, मग टेबलं साफ, लाटणी बदललेली, नवा घाणा. तिथं कोणी बोलत नव्हतं. इतक्या एकाग्र स्वयंपाकघरात काम करायला मिळावं असं मला फार वाटलं.

बीरशेबाहून दिमोनाची बस वाळवंटातून जाते. नेगेवच्या पिवळ्या करड्या टेकड्या, मधूनच बेदुइनांच्या पत्र्याच्या वस्त्या, मग एकदम चौकोनी इमारतींचं गाव. 1955 साली वसवलेलं. भारतातून आलेल्या बेने इस्रायलांना सरकारनं ज्या ज्या नव्या गावांत धाडलं त्यांतलं हे एक. कितीतरी जण मुंबईच्या गिरण्या सोडून इथल्या कापडगिरणीत लागले. आज इथल्या वाण्याकडे शेव, पापड, गरम मसाला मिळतो, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या रायगडच्या मराठीत बोलतात आणि मध्येच हिब्रूत शिरतात. या लोकांना इथं सहज घेतलं गेलं नव्हतं. विवाहाच्या बाबतीत ते पुरते ज्यू आहेत की नाहीत अशी शंका रब्बींच्या मंडळानं काढली होती. त्यावर मोर्चे निघाले, धरणी धरली गेली आणि 1964 मध्ये ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. हे आजीनं मला बटाटे सोलता सोलता सांगितलं. तिचा आवाज चढला नाही, पण सुरी थांबली.

आजी रेवदंड्याची. साठच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याबरोबर आली. घरात मुलगा, सून, तीन नातवंडं. सुनेचं माहेर मोरोक्कोकडचं. मी दारात उभी राहिले तेव्हा आजीनं आधी माझी पिशवी बघायला मागितली. मी अलिबागची आमसुलं, हळकुंडं, खडा मसाला, मेथीदाणा आणि हिंगाची डबी नेली होती.

"आमसुलं राहू देत," ती म्हणाली, "हळकुंडं चालतील. हिंग बाहेर ठेव बाय, जिन्यात. त्यात गव्हाचं पीठ असतं."

खरंच असतं. बाजारातला बांधानी हिंग गव्हाच्या पिठाशिवाय क्वचित बनतो. मेथीचंही तेच, शेतात गव्हाशेजारी उगवते आणि दाण्यांत गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. जिरं आणि धणेही ताटात पसरून दाणा दाणा बघावे लागतात. माझ्या हाताला सवयीनं सापडणाऱ्या अर्ध्या डब्या तिथं नव्हत्या. व्हिनेगरही नाही, कारण ते धान्याचं असू शकतं. कोकणात बेने इस्रायल पेसाहला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. अनास म्हणजे रांजणात मुरत ठेवलेलं आंबट, सणाच्या दिवसांत त्या रांजणावर झाकण पडायचं. बाहेरच्या ज्यूंशी संबंध तुटलेला असतानाही शतकानुशतकं या लोकांनी एवढी आठवण सांभाळली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, ती शनिवारची आठवण जशी टिकली, तशीच ही.

स्वयंपाकघर दोन दिवस आधीच उलटंपालटं केलेलं होतं. रोजची भांडी कपाटात कोंडून कपाटाला चिकटपट्टी लावलेली. ओट्यावर जाड फॉइल. गॅसच्या जाळ्या लाल होईपर्यंत तापवून झालेल्या. माळ्यावरून पेसाहचा संच उतरवला होता, त्यात आजीनं रेवदंड्याहून आणलेलं तांब्याचं पातेलंही होतं. लहानपणी पेसाहआधी घराला चुना लागायचा आणि कल्हईवाला आळीतल्या सगळ्या ज्यू घरांची भांडी एकदम करून द्यायचा, असं ती सांगत होती. बकरं कापलं की वडील त्याच्या रक्तात पंजा बुडवून कागदावर उमटवत आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लावत. मिसरमध्ये दाराला रक्त लावलेल्या घरांवरून मृत्यू ओलांडून गेला, त्याची ही खूण. दिमोनात ते कोणी करत नाही.

आणि मग चुलीची गोष्ट निघाली.

मी पदर खोचला, कांदे घेतले, लायटर उचलला. आजीनं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "चिरायचं, वाटायचं, ढवळायचं सगळं तू कर. पेटवायचं मी. आणि भांडं चढवायचंही मी."

नियम असा, की जे अन्न कच्चं खात नाहीत आणि मेजवानीला शोभेल असं आहे, ते पूर्णपणे बिगरज्यूनं शिजवलेलं असेल तर कोशेर होत नाही, मग त्यातला जिन्नस न् जिन्नस शुद्ध का असेना. ज्यू माणसाचा हात शिजवण्यात लागला पाहिजे. युरोपकडच्या ज्यूंमध्ये त्यानं आग पेटवली तरी पुरतं, सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, रिवाजात भांडंही त्यानंच चुलीवर ठेवायचं. जेरुसलेमच्या मोठ्या हॉटेलांत आचारी पुष्कळदा अरब असतात, म्हणून तिथला देखरेख करणारा मशगियाह सकाळी येऊन शेगड्या पेटवून देतो.

मला हे लागलं. मी चिपळूणच्या अशा घरात वाढले जिथं आजीचं सोवळं होतं आणि त्या सोवळ्यानं कोणाकोणाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कामाला येणाऱ्या बाईला आमच्या माठातलं पाणी वरून ओतून मिळायचं. तो प्रकार मला आजही सहन होत नाही. मग इथं माझ्या हातातला लायटर काढून घेतला जातो, तेव्हा मी गप्प का बसावं? मी आजीला सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं, की तालमूदच्या काळात हा नियम झाला तो परक्यांशी फार सलगी होऊ नये, मुलंबाळं परक्यांत लग्न करून विरून जाऊ नयेत म्हणून. नियमाचं मूळ शुद्धाशुद्धीत नाही, वेगळं राहण्यात आहे. "आम्ही मूठभर होतो गो. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं आमचे लोक सांगतात. सात जोडपी विरघळायला किती वेळ लागला असता?"

मी तिच्याशी पूर्ण सहमत झाले नाही, अजूनही नाही. माणसांना दूर ठेवण्यासाठी अन्नाचा वापर होतो तेव्हा मला तो अन्नाचा अपमान वाटतो. पण एक फरक मला तिथं काम करताना स्पष्ट दिसला आणि तो मी नाकारणार नाही. माझ्या आजीच्या सोवळ्यात त्या बाईचा हात अन्नाला लागूच शकत नव्हता आणि तिला आमच्या पंगतीत पान नव्हतं. इथं मी वाटलेला मसाला, मी कालवलेलं, मी चाखून ठरवलेलं जेवण रात्री सगळे खाणार होते आणि माझी खुर्ची आजीच्या उजव्या हाताला मांडलेली होती. आजी दर वेळी उठायची, गॅस पेटवायची, पातेलं चढवायची, एकदा ढवळायची आणि मला म्हणायची, "आता तुझं." तिचे गुडघे दुखत होते. तरी एकदाही तिनं ते काम टाळलं नाही आणि मीही घाई केली नाही. अशा पद्धतीनं दोघींनी मिळून रांधताना एकही पदार्थ दुर्लक्षानं होत नाही, हे मात्र खरं.

तांदूळ तीनदा निवडायचा. पांढऱ्या चादरीवर मूठ मूठ पसरून, गव्हाचा एक दाणाही राहू नये म्हणून, आणि तिन्ही वेळा मन त्यातच ठेवून. युरोपकडचे ज्यू पेसाहात तांदूळ आणि कडधान्यं खात नाहीत, बेने इस्रायल भात खातात. पण सुनेच्या माहेरीही भात वर्ज्य, आणि तिचे आईवडील जेवायला येणार होते. म्हणून त्यांच्यासाठी बटाटे आणि ओल्या बाकल्याचं कोथिंबीर घातलेलं सूप. ते सुनेनं केलं, मी शेंगा सोलून दिल्या. एकाच घरात, एकाच धर्मात, एकाच टेबलावर दोन वेगळे नियम आणि दोघांनाही मान. हे बघून मला बरं वाटलं.

खजुराचा शिरा ही या स्वयंपाकातली सगळ्यात सुंदर गोष्ट. नावानं फसू नये, रव्याशी त्याचा संबंध नाही. बी काढलेला खजूर रात्रभर भिजवायचा, त्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचा, नव्या पातळ कापडातून पिळायचा. जो तांबूस रस निघतो तो मंद आचेवर तासन् तास आटवायचा. आधी पाण्यासारखा फेस येतो, मग बुडबुडे जड होतात, मग काकवीसारखी तार धरते आणि रंग काळपट तपकिरी होतो. गार झाल्यावर वरून अक्रोड. मिसरमध्ये विटा घडवताना ज्यूंनी कालवलेल्या चिखलाची ही आठवण, हारोसेत. चिमूटभर साखर नाही आणि गोडी अशी खोल, की पुण्यात मी जे महागडे सॉस आटवते त्यांतला एकही याच्या जवळ जात नाही. पिळून उरलेला चोथा आजीनं टाकू दिला नाही, नातवंडांनी तो चमच्यानं संपवला.

मटणाची तयारी तिनं मुद्दाम जुन्या पद्धतीनं दाखवली. इथं खाटकाकडून ते मीठ लावून, धुऊन येतं. कोकणात घरीच करावं लागे. अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ चोळून उतरत्या फळीवर तासभर, रक्त निथळू द्यायचं, मग तीन पाण्यांनी धुवायचं. कलेजी मात्र थेट विस्तवावरच भाजायची, तिच्यातलं रक्त मिठानं निघत नाही. अशा मटणात मीठ आधीच मुरलेलं असतं, म्हणून वाटणात ते घालायचंच नाही. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण यांचं वाटण, तांबूस परतलेला कांदा, कुटलेली हळद, दालचिनी, लवंग, आणि शेवटी नारळाचं दूध. मांस आणि दूध एकत्र आणायचं नाही हा कोशेरचा मोठा नियम, आणि नारळ हे त्याला कोकणानं दिलेलं उत्तर. दह्याशिवाय, तुपाशिवाय, सायीशिवाय या बायकांनी मटणाला जो मऊपणा आणला तो माझ्या हॉटेलातल्या कोणत्याही कोर्म्याला नाही. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. नियम कडक म्हणून अन्न बेचव, असा समज घेऊन मी गेले नव्हते, पण नियमामुळेच अन्न अधिक चांगलं होऊ शकतं, हे त्या पातेल्यात मला समजलं.

त्या रात्री भाजलेलं मांस खायचं नाही असा रिवाज या घरात होता. जेरुसलेमचं मंदिर होतं तेव्हा या रात्री भाजलेलं कोकरू खात, आता मंदिर नाही, तर त्याची नक्कल नको. फक्त थाळीवर ठेवायचं हाड आजीनं आचेवर धरून काळं केलं. अंडी एकेक पेल्यात फोडून रक्ताचा ठिपका पाहायचा, लेट्यूसचं पान न् पान धुऊन दिव्यासमोर धरायचं, किडा राहू नये म्हणून. मासे वेगळ्या बशीत, मटणाला शिवायचे नाहीत. समुद्राकाठी पिढ्यान् पिढ्या राहून कोळंबी, तिसऱ्या, खेकडे यांना हात न लावणारी ही माणसं, हे चिपळूणच्या मुलीला पटायला थोडा वेळ लागतो.

आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन नातवंडांनी घरभर हामेत्स शोधलं होतं. सापडावं म्हणून पावाचे दहा तुकडे आधीच लपवलेले. सकाळी ते मैदानात नेऊन जाळले, तिथं सगळ्या इमारतींतून लोक आले होते, छोट्या छोट्या आगट्या पेटल्या होत्या.

संध्याकाळी चंद्र उगवला, पूर्ण गोल. पेसाह पौर्णिमेलाच येतो, पुष्कळदा आपल्या हनुमान जयंतीच्या आसपास. टेबलावर तीन मात्सा झाकलेल्या, थाळीत हाड, अंडं, कडू पानं, अजमोद, शिरा, बाजूला मिठाचं पाणी. आजीनं काळ्या मनुकांचं सरबत केलं होतं, कोकणात द्राक्षाची कोशेर दारू कुठली मिळायची? बाटलीतली वाइनही होती, ती मी ओतायची नाही असं मला आधीच सांगितलेलं, म्हणून मी पाण्याचा जग सांभाळला. धाकट्या नातवानं सेदेरचे ठरलेले चार प्रश्न म्हटले. मुलगा हिब्रूत हगादा, म्हणजे सेदेरची पोथी, वाचत होता आणि आजीच्या मांडीवर एक जुन्या हिब्रू-मराठी हगादाची छापील प्रत होती. 1874 साली पुण्यात छापलेली हगादा प्रसिद्ध आहे, तिच्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका बसून मात्सा करताना दाखवल्या आहेत. आजीची प्रत बरीच नंतरची, पण भाषा तशीच जुन्या वळणाची. ज्या ओळी तिला आवडायच्या त्या ती मराठीत मोठ्यानं वाचायची आणि सुनेचे वडील, ज्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, मान डोलवायचे.

जेवण वाढायला रात्रीचे दहा वाजून गेले. मटण आधी आजीच्या पानात गेलं. तिनं मात्साचा तुकडा मोडून रश्शात बुडवला, खाल्ला, आणि मला म्हणाली, "लसूण अजून एक पाकळी चालली असती." मग सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. एलियाहू संदेष्ट्यासाठी भरलेला प्याला मध्येच ठेवलेला होता. कोकणात मलिदा करतात तोही त्याच्याच नावानं. दार उघडून सगळे उभे राहिले तेव्हा जिन्यात माझी हिंगाची डबी दिसत होती.

पुण्यात हे करायचं ठरवलं आहे. हॉटेलच्या चुलीवर जमणार नाही, तिथं रोज नान भाजले जातात. स्टीलचा नवा संच, नवी शेगडी, नवं वाटणाचं यंत्र घ्यावं लागेल आणि ते वर्षभर कुलपात ठेवावं लागेल. तांदूळ निवडायला रास्ता पेठेतल्या दोन बायका तयार आहेत. कोशेर रीतीनं मटण कोण कापणार हा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्यासाठी मुंबईला, ठाण्याला विचारणं चालू आहे. नाही जमलं तर मासे करू, नारळाच्या दुधातले, आमसुलं घालून. चूल पेटवायला तिथले एक निवृत्त शिक्षक येतो म्हणाले आहेत. पहाटे पाचला यावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं, कारण शिरा आटायला वेळ लागतो.